हायकूवर मराठी टंकलेखन: शक्यता तपासल्याच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

आधी काम काय ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढे वाट फुटेल तिकडे जाणं होतं.

गावच्या वाचनालयाला देणगीत आलेले काही जुने नेटबुक आहेत. बहुतेकांत इंटेलचा ॲटम एन२७० प्रोसेसर, एक गीगाबाइट मेमरी. हा प्रोसेसर निव्वळ ३२-बिट. कार्यवाह काकांना त्यांवर दाखल नोंदवही उतरवून घ्यायची आहे: पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, सध्या कुणाकडे आहे. सगळं मराठीत. यंत्रांवर विंडोज एक्सपी आहे, तिचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच काढून घेतला. लिनक्सचा मार्ग आहेच, डेबियन १२ या यंत्रांवर चढतं, पण पुढे ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद करायचं डेबियनवाल्यांनी ठरवलं आहे. हायकू ही मुक्त संगणक-प्रणाली मात्र ३२-बिटची आवृत्ती अजून निगुतीने सांभाळते आणि एवढ्याशा मेमरीत झटकन उठते. शिवाय हायकू माझी जुनी आवड. हेही कारण आहेच, लपवत नाही.

काका फोनवर म्हणाले, "अरे, मला नाव टाइप करता आलं आणि नंतर शोधता आलं म्हणजे झालं. आत काय घालायचं ते तू बघ."

तर प्रश्न असा: एम१७एन ही अनेक भाषांत टाइप करू देणारी मुक्त लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) हायकूवर आणून तिला इनपुट मेथड, म्हणजे कळांची अक्षरं करून देणारा भाग, म्हणून जोडता येईल का, काम किती, आणि येत असलं तरी ते करावं का? कोड लिहायचा तो उत्तर मिळण्यापुरताच.

एम१७एनच का? ती जपानच्या एआयएसटी या संशोधन संस्थेत बनली, सी भाषेत आहे, परवाना एलजीपीएल. लिनक्सवर आयबस किंवा एफसीआयटीएक्स या इनपुट मेथडच्या चौकटींमधून मराठी लिहिणाऱ्या अनेकांच्या बोटांखाली तीच असते. तिच्यासोबतच्या संग्रहात मराठीच्या मांडण्या तयार आहेत: इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक, आणि आपली गमभनसुद्धा. प्रत्येक मांडणी म्हणजे कंसाकंसांची एक साधी मजकूर-फाइल, "ka" दाबलं की "क", अशी. हिंदी, कन्नड, तमिळ त्याच वाटेने फुकटात येतात. फक्त मराठीपुरतं बघायचं तर एक तक्ता आणि थोडा कोड एवढ्यावर भागेल, हा पर्यायही डोक्यात ठेवतो.

५ जानेवारी, रविवार

चाचणीसाठी हायकूची बीटा ५ घेतली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. ६४-बिटची प्रतिमा क्यूईएमयू या आभासी यंत्रात, ३२-बिटची एका नेटबुकवर.

थोडी पूर्वपीठिका, कारण पुढचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच निघणार. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी कंपनी काढली, तिची संगणक-प्रणाली बीओएस. १९९६ च्या अखेरीस ॲपलने बीऐवजी नेक्स्ट विकत घेतली, आणि २००१ मध्ये बीची मालमत्ता पामकडे गेली. त्याच वर्षी काही स्वयंसेवकांनी ती प्रणाली कोऱ्या पाटीवर पुन्हा लिहायला घेतली. २००४ पासून तिचं नाव हायकू. पहिल्या आवृत्तीचं ध्येय बीओएसच्या आर५ शी सुसंगत राहायचं. ३२-बिट हायकूवर बीओएसचे जुने प्रोग्राम आजही न बदलता चालू शकतात ते यामुळे. या सुसंगतीची किंमत कुठे मोजावी लागते ते बघायचं आहे.

पोसिक्सचा, म्हणजे युनिक्स-पद्धतीच्या प्रोग्रामांना लागणारा, थर चांगला आहे. सी लायब्ररी, गणित, थ्रेड हे सगळं लिबरूट नावाच्या एकाच लायब्ररीत, नेटवर्क वेगळ्या लिबनेटवर्कमध्ये, बीएसडीची फंक्शनं लिबबीएसडीमध्ये. "यूएसआर" फोल्डर नाही. "/बूट/सिस्टम" ही पॅकेजांतून उभी राहिलेली, फक्त वाचता येणारी जागा. आणि एरर क्रमांक ऋण असतात, धन नव्हे. "एरर शून्याहून मोठी आहे का" असं तपासणारा कोड इथे गुपचूप चुकतो, म्हणून दुसऱ्या प्रणालीचे प्रोग्राम इथे आणणारे (पोर्टिंग करणारे) आधी तेच शोधतात. एम१७एनमध्ये हा धोका कमी, तिचे स्वतःचे वेगळे एरर-क्रमांक आहेत.

११ जानेवारी, शनिवार

लायब्ररी बांधली. एम१७एनचे थर वेगवेगळे आहेत: गाभा, त्यावर इनपुट आणि भाषांचा भाग, त्यावर पडद्यावर अक्षरं काढायचा भाग. तिसऱ्याला एक्स११ ही लिनक्सकडची खिडक्यांची यंत्रणा वगैरे लागतं, आपल्याला तो नकोच. तो बंद ठेवून कॉन्फिगर केलं. त्याआधी ऑटोटूल्सच्या, म्हणजे बांधणीच्या साधनांच्या, फाइली नव्याने काढून घेतल्या. हायकूवर ही सवयच लावून घ्यावी, कारण त्यांतल्या जुन्या लिबटूलला हायकू माहीत नसते आणि मग सामायिक लायब्ररी बनतच नाही.

मग कन्सोलवरचा चिमुकला प्रोग्राम: मराठी आयट्रान्स उघड, एकेक कळ दे, निघालेले बाइट छाप. "किती", "ग्रंथ", "वाचनालय" बरोबर निघाले. नंतर ठेवणीतली जोडी काढली: "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना". पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. रफाराचा र आणि अर्धचंद्राचा र वेगळा ठेवू न शकणारी यंत्रणा मराठीच्या कामाची नाही. दोन्ही वेगळे आणि बरोबर आले.

इथपर्यंत एकही पॅच लागला नाही. लोक "पोर्ट झालं" म्हणतात ते बहुधा या टप्प्यावर.

१२ जानेवारी, रविवार

हायकूपोर्ट्स या हायकूच्या सॉफ्टवेअर-संग्रहासाठी रेसिपीचा (बांधणीच्या कृतीचा) कच्चा मसुदा लिहिला. सारांश, परवाना, स्रोताचा पत्ता, चेकसम, काय पुरवते, काय लागते, बांधणी, बसवणी. साचा ठरलेला आहे, अवघड काही नाही.

एक गोष्ट मात्र टिपून ठेवण्यासारखी. मांडण्यांचा संग्रह कुठे आहे हे एम१७एनला पर्यावरण-चलातून सांगता येतं, आणि टर्मिनलमध्ये तसंच चालवलं होतं. पण इनपुट मेथड चालवणारा इनपुट सर्व्हर टर्मिनलमधून सुरू होत नाही, तो लाँच डीमन, म्हणजे सेवा सुरू करणारा प्रोग्राम, उठवतो, त्यामुळे माझ्या प्रोफाइलमधली चलं त्याला दिसणार नाहीत. लायब्ररी सुरू करण्याआधी डेटाबेसच्या फोल्डरचं चल कोडमध्येच भरायचं, अशी सोय एम१७एननेच दिली आहे. ती वापरायची.

१८ जानेवारी, शनिवार

आज इनपुट सर्व्हर. हायकूत कीबोर्ड-माउसच्या सगळ्या घटना या एकाच प्रक्रियेतून जातात. तिला तीन जातींचे ॲड-ऑन लावता येतात: उपकरण, गाळणी आणि इनपुट मेथड. मेथड म्हणजे गाळणीचाच विस्तार. कळ दाबल्याचा निरोप आला की तो पुढे जाऊ द्यायचा, गिळायचा, किंवा त्याच्या जागी आपला निरोप घालायचा. "आय" दाबला तर एम१७एनला विचारायचं, तिने घेतला तर मूळ निरोप गिळायचा आणि अर्धवट मजकुराचा निरोप पाठवायचा: सुरुवात, बदल, शेवट. ही रचना बीओएसच्या काळात जपानीसाठी केलेली आहे आणि अजून छान टिकली आहे. हायकूच्या स्रोतात कॅना नावाची जपानी मेथड आहे, ती वाचून सांगाडा उभा केला. तिच्यात खरं काम वेगळ्या लूपरमध्ये (निरोप हाताळणाऱ्या स्वतंत्र थ्रेडमध्ये) चालतं. मीही तेच करणार, कारण एम१७एनमध्ये जागतिक चलं आहेत आणि तिला एकाच थ्रेडमधून हाक मारलेली बरी.

ॲड-ऑन सर्व्हरच्या पोटात चालतो. तो कोसळला तर कीबोर्ड आणि माउस दोन्ही गेले, मग बघत बसा. म्हणून एसएसएच (दुरून आज्ञा देण्याची सोय) चालू ठेवून दुसऱ्या यंत्रावरून काम करायचं आणि दर बांधणीनंतर तिथूनच इनपुट सर्व्हरला बंद व्हायला सांगून नव्याने उठवायचं. पुढे खरंच वापरात द्यायचं ठरलं तर इंजिन वेगळ्या प्रक्रियेत ठेवून ॲड-ऑन फक्त निरोप्या करावा, असं माझं मत बनत चाललं आहे.

आता उणिवा. एम१७एनच्या काही मांडण्या कर्सरच्या आजूबाजूचा मजकूर मागतात, कधी त्यातला खोडायलाही सांगतात. हायकूच्या निरोपांत त्याची सोयच नाही. मराठीच्या मांडण्यांचं त्यावाचून अडत नाही, म्हणून पुढे गेलो.

दुसरी उणीव जास्त बोचणारी. एखाद्या खिडकीने "मला इनपुट मेथड कळते" असा झेंडा लावलेला नसेल, तर इनपुट सर्व्हर स्वतःची एक पट्टी उघडतो. अर्धवट मजकूर तिथे जमतो, एंटर केल्यावर तो खिडकीत जातो. काम होतं, पण प्रत्येक शब्दाला पट्टी वर येणार. अंदाज बांधताना हीच वाईटातली वाईट परिस्थिती धरायची.

पट्टी टाळायला जुगाड आहे: आधी "क्" पाठवा, मग "आय" आला की बॅकस्पेसच्या खोट्या कळा पाठवून खोडा आणि "कि" पाठवा. काही ठिकाणी हे चालतंही. मी करणार नाही. बॅकस्पेस कुठे काय खोडेल ते समोरच्या प्रोग्रामवर अवलंबून, आणि टर्मिनलमध्ये वापरणाऱ्याने न दाबलेली कळ पाठवणं मला मान्य नाही.

१९ जानेवारी, रविवार

नेटबुकची अडचण आज नीट समोर आली. ३२-बिट हायकू संकरित आहे: मूळ प्रणाली जीसीसी २.९५ या जुन्या कंपायलरने बांधलेली, जुन्या बीओएस प्रोग्रामांसाठी, आणि शेजारी नव्या जीसीसीच्या लायब्ऱ्यांचा दुसरा संच. आधुनिक सॉफ्टवेअर त्या दुसऱ्या संचावर चालतं. पण इनपुट सर्व्हर मूळ प्रणालीचा. त्याच्या ॲड-ऑनला सी++ चे वर्ग वारशाने घ्यावे लागतात, आणि दोन कंपायलरांची सी++ ची बायनरी रचना जुळत नाही. म्हणजे ॲड-ऑन जीसीसी २.९५ नेच बांधायचा, आणि हा कंपायलर गेल्या शतकातला.

एम१७एन सी मध्ये असल्याने तिची जुळणी करता येईल, निदान कागदावर. ॲड-ऑन जुन्या सी++ मध्ये, इंजिन वेगळ्या प्रक्रियेत नव्या कंपायलरचं, दोघांत निरोपांची देवाणघेवाण. काल सुचलेली विभागणी इथे सक्तीचीच ठरते. करता येतं, पण कामाचा पसारा ६४-बिटच्या मानाने बराच वाढतो, आणि चाचणी दोन ठिकाणी.

ज्या यंत्रांसाठी हा घाट घातला, नेमकी तीच कठीण बाजूला आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

आतापर्यंत बाइट बघत होतो, आज डोळ्यांनी पाहिलं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टसंस्थेचा मुक्ता फॉन्ट घरच्या फोल्डरातल्या फॉन्टच्या जागी टाकला. स्टाइल्डएडिट उघडलं, हा हायकूचा स्वतःचा साधा संपादक. लिनक्सवर तयार केलेली, खात्रीने बरोबर असलेली मजकूर-फाइल त्यात उघडली.

"वाचनालय" निर्दोष. हुरळून जायचं काम नाही, त्यात नुसते काने आहेत.

"किती" मध्ये पहिली वेलांटी क च्या मागून येऊन त ला चिकटली. साठवणीत वेलांटी व्यंजनानंतरच असते, पडद्यावर तिला उचलून डावीकडे आणणं हे चितारणाऱ्याचं काम. इथे कुणी उचलत नाही. "ग्रंथ" मध्ये पायमोडका ग, मग अख्खा र. "पुस्तक" मध्ये स् आणि त शेजारी-शेजारी, जोडाक्षर नाहीच. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" दोन्ही सारखेच विस्कटलेले, फरक एवढाच की दुसऱ्यातल्या र खाली नुक्ता. उकार आणि मात्रा साधारण जागेवर. ट्रॅकरमध्ये, म्हणजे फाइलींच्या खिडकीत, हेच. डेस्कबारमध्ये, म्हणजे मेनूच्या खिडकीत, हेच. टर्मिनलचं बोलायलाच नको, तिथे देवनागरीची इतर प्रणालींवरही परवडच असते.

मग तीच फाइल क्यूटी या बाहेरच्या साधनसंचावर बनलेल्या संपादकात उघडली. सगळं बरोबर: वेलांटी डावीकडे, रफार डोक्यावर, ऱ्य चा अर्धचंद्र जागच्या जागी.

फाइल तीच, फॉन्ट तोच, यंत्र तेच. क्यूटी आपली अक्षरजुळणी हार्फबझ या लायब्ररीकडून स्वतः करून घेते आणि हायकूला फक्त तयार आकार काढायला सांगते. लिबरऑफिससुद्धा ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे हार्फबझच वापरतं. हायकूचे स्वतःचे प्रोग्राम मजकूर जसाच्या तसा ॲप सर्व्हरकडे, म्हणजे पडद्यावर चितारणाऱ्या प्रक्रियेकडे, देतात, आणि ॲप सर्व्हर अक्षरामागून अक्षर लावत जातो.

इनपुट सर्व्हरची ती पट्टीसुद्धा हायकूची स्वतःचीच खिडकी. म्हणजे क्यूटीत लिहितानाही पट्टीत शब्द मोडका दिसेल आणि एंटर केल्यावर सुधारेल. असं लिहायला कुणाला सांगायचं?

२६ जानेवारी, रविवार

सुट्टीचा दिवस ॲप सर्व्हरचा कोड वाचण्यात घालवला. तपासणीत सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, आणि जायलाच हवा होता.

मजकूर आला की तो यूटीएफ-८ मधून एकेक कोडबिंदू (युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक) करून सोडवला जातो. प्रत्येकाचा आकार फॉन्ट वाचणाऱ्या फ्रीटाइपकडून घेतला जातो, साठवून ठेवला जातो आणि एजीजी लायब्ररीने रंगवला जातो. त्याच्या रुंदीइतकं पुढे सरकायचं, पुढचा कोडबिंदू. इंग्रजी, मराठी, कशालाही हाच रस्ता. हार्फबझ हायकूपोर्ट्समध्ये आहे, पण या रस्त्यावर तिला कुणी बोलवत नाही.

पहिल्यांदा वाटतं, सोपं आहे, इथेच हार्फबझची हाक घालू. पण हा धागा ओढला की बरंच काही सोबत येतं. हायकूच्या फॉन्ट वर्गात अक्षरांच्या रुंद्या मागायची जी फंक्शनं आहेत ती बीओएसकडून आलेली: इतकी अक्षरं देतो, तितक्या रुंद्या दे. एका अक्षराला एक रुंदी हे गृहीत त्यांच्या सहीतच (काय घ्यायचं, काय द्यायचं या ठरावातच) आहे. "क्षि" चे चार कोडबिंदू मिळून पडद्यावर एक आकारसमूह होतो. त्याच्या चार रुंद्या काय सांगायच्या? आणि सही बदलायची तर सुसंगतीचं वचन मोडतं.

पुढे मजकूर-पेटीचा वर्ग. वेग यावा म्हणून तो प्रत्येक अक्षराची रुंदी फॉन्टनुसार आपल्याच तक्त्यात साठवतो आणि ओळीची लांबी त्या बेरजेतून काढतो. ॲप सर्व्हरने उद्या जोडाक्षर बरोबर काढलं तरी पेटीची बेरीज जुनीच राहणार. कर्सर एका जागी, अक्षर दुसऱ्या. ओळी भलतीकडे तुटणार, माउसने निवडलेला भाग भलताच रंगणार. अर्धी दुरुस्ती आजच्यापेक्षा वाईट दिसेल. आज निदान चूक सरळ आणि ओळखीची आहे.

म्हणजे चितारणं, मोजणं, कर्सर आणि निवड हे चार भाग एकत्र बदलायला हवेत. अरबी-हिब्रूची उजवीकडून डावीकडची मांडणीही याच कामात येते. एम१७एन आणण्याशी याचा काही संबंध नाही. हा वेगळा प्रकल्प आहे, गाभ्यात रोज वावरणाऱ्या माणसाचा. माझ्या शनिवार-रविवारांत तो मावत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

इनस्क्रिप्टपुरतं एम१७एनची गरज नाही, हे आज करून बघितलं. इनस्क्रिप्टमध्ये कळ दाबली की ठरलेलं चिन्ह येतं, मागचं काही बदलावं लागत नाही. तेवढं हायकूचा की-मॅपच करतो. की-मॅप म्हणजे प्रत्येक कळीला, शिफ्टसह आणि शिफ्टविना, कोणतं अक्षर याचा तक्ता. चालू तक्ता मजकुरात उतरवायचा, बदलायचा, परत चढवायचा, आज्ञा प्रणालीतच आहे. अर्धवट मजकूर नाही, म्हणून पट्टी नाही. कंपाइल करायचं काही नाही, म्हणून जीसीसी २.९५ चं लचांडही नाही. नेटबुकवर तासाभरात चाललं.

क्ष, ज्ञ, त्र, श्र यांच्या शिफ्टवरच्या कळा पहिल्या मसुद्यात सोडल्या. क, हलन्त, ष अशा तीन कळांनी क्ष येतोच. कळीमागे एकच कोडबिंदू ठेवला की तक्ता तपासायला सोपा जातो.

मराठीचं म्हणून दोन ठिकाणी थांबावं लागलं. इनस्क्रिप्टच्या जुन्या मांडणीत शिफ्ट-१ वर ऍ आहे, हिंदीच्या वळणाचा. मराठीला ॲ हवा, आणि तो युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, काही अजून देतात. दिसायला दोन्ही एकच, पण युनिकोडच्या नियमांनी ते समान नाहीत. म्हणून शिफ्ट-१ वर थेट ॲ ठेवला. अ वर चंद्र देऊन लिहिणाऱ्याला तक्ता थांबवू शकत नाही, पण सोपी कळ तरी बरोबर अक्षराची असू दे.

दुसरा ऱ. तो एकाच कोडबिंदूने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता असा दोनांनी. हे दोन्ही युनिकोडच्या लेखी समान आहेत, पण समान मानायचं तर आधी कुणीतरी प्रमाणीकरण करायला हवं. हायकूची बीएफएस फाइलप्रणाली नावं बाइटांनीच जुळवते, अक्षर-प्रमाणीकरण करत नाही. एकाने "कोऱ्या" असा लिहिला आणि दुसऱ्याने तसा, तर शोधात एकच सापडेल. की-मॅपमध्ये शिफ्ट-जे वर एकसंध ऱ. एम१७एनची मेथड केलीच तर तिच्या बाहेर पडणारा मजकूरही आधी एकसंध रूपात आणायचा, ही अट नोंदवून ठेवतो.

शॉर्टकटचं काय, म्हणजे कमांड-एस दाबलं आणि त्या कळीवर देवनागरी मात्रा असली तर? रशियन की-मॅप वापरणाऱ्यांचा हा रोजचा प्रश्न. त्यांची पद्धत बघून तशीच ठेवायची. मांडण्या बदलायला की-मॅप स्विचर आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयात नेटबुक घेऊन गेलो. मला दाखवायची होती ती हायकूची खरी गंमत. बीएफएसमध्ये प्रत्येक फाइलीला गुणधर्म जोडता येतात, त्यांची सूची करता येते आणि त्यावर थेट शोध घेता येतो. एक पुस्तक म्हणजे एक रिकामी फाइल. तिला लेखक, दाखल क्रमांक, कुणाकडे आहे, हे गुणधर्म. ट्रॅकरची खिडकी हीच नोंदवही, रकाने हवे तसे लावा. अमुक वाचकाकडची सगळी पुस्तकं असा शोध जतन करा, पुस्तक परत आलं की ते त्या खिडकीतून आपोआप गायब. डेटाबेसचा प्रोग्राम लिहायलाच नको. दुसऱ्या कुठल्या प्रणालीत ही सोय इतकी सहज नाही.

काकांनी इनस्क्रिप्टमध्ये दोन-चार नावं घातली. सरकारी नोकरीत असताना ते इनस्क्रिप्टच शिकले होते, वेग माझ्यापेक्षा जास्त. शोध झटक्यात लागला. मग ते पडद्याच्या जवळ गेले.

"हे काय रे? 'ग्रंथ' असा का फुटलाय?"

"काका, साठवलेलं बरोबर आहे. नुसतं दिसायला..."

"अरे, पण बघायचं दिसतं तेच ना? इथे पोरं येतात पुस्तकं शोधायला. त्यांनी हे वाचायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी शोधलंही नाही. क्यूटीच्या संपादकात यादी ठेवली तर ती नीट दिसते, पण मग ती कोणत्याही प्रणालीवर ठेवता येईल अशी साधी यादी झाली. ज्या गोष्टीसाठी हायकू आणायची ती ट्रॅकरमध्ये आहे, आणि ट्रॅकरमध्येच मराठी मोडते.

९ फेब्रुवारी, रविवार

निकाल लिहून टाकतो.

एम१७एन हायकूवर येते का? येते, आणि सहज. गाभा आणि इनपुटचा भाग ६४-बिटवर विनापॅच बांधला, रेसिपी जवळपास तयार. हे पॅकेज पाठवायचं. कुणी क्यूटीवाला पुढे त्याचा उपयोग करेल.

इनपुट मेथड करावी का? सध्या नाही. ६४-बिटवर सांगाडा चालतो, उरलेलं काम आटोक्यातलं आहे. पण तळाची पट्टी मोडकी अक्षरं दाखवते तोवर ती मराठी माणसाच्या हातात द्यायला मी धजावणार नाही. ३२-बिटचं तर नावच नको. कुणी ॲप सर्व्हरमध्ये अक्षरजुळणी आणली तर दुसऱ्या दिवशी हे काम उघडावं, त्याआधी नाही.

की-मॅप मात्र लगेच. श्रम थोडे, जोखीम जवळजवळ नाही, दोन्ही आवृत्त्यांवर चालतो, आणि क्यूटी-लिबरऑफिसमध्ये लिहिणाऱ्याचं काम आजच होतं.

ॲप सर्व्हरला मी हात लावत नाही. मात्र २६ जानेवारीला जे वाचलं ते तिथल्या विकासकांना उपयोगी पडेल अशा रूपात, चाचणीच्या शब्दांसह आणि अपेक्षित दिसण्याच्या चित्रांसह, नोंदवणार. "देवनागरी दिसत नाही" एवढ्याच तक्रारीने कुणाचं काही हलत नाही. "आचाऱ्यांना" हा शब्द तीन ठिकाणी कसा दिसतो आणि कर्सर कुठे थांबायला हवा, हे दिलं तर निदान काम सुरू करायला धागा मिळतो.

वाचनालयाला डेबियन १२, हलका डेस्कटॉप, आयबस आणि एम१७एनचंच इनस्क्रिप्ट. यादी लिबरऑफिस कॅल्कमध्ये. एक गीगाबाइटमध्ये ते कुंथत उघडतं, पण उघडतं, आणि ग्रंथ ग्रंथच दिसतो. पुढे ३२-बिटचं डेबियनही थांबेल तेव्हा ही यंत्रं तशीही निकालात निघालेली असतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

की-मॅप हायकूच्या गेरिटवर (कोड तपासायच्या जागेवर) परीक्षणाला टाकला. ॲ आणि ऱ यांची कारणं कमिटच्या संदेशात सविस्तर लिहिली, नाहीतर पुढे कुणीतरी "सुधारणा" म्हणून शिफ्ट-१ वर ऍ परत आणेल. एम१७एनची रेसिपी हायकूपोर्ट्सकडे, सध्या फक्त ६४-बिटसाठी. इनपुट मेथडचा सांगाडा वेगळ्या फांदीवर ठेवला आहे, सोबत बांधणीच्या सूचना आणि एकच ठळक इशारा: चालवण्याआधी एसएसएच चालू करा.

काकांचे पहिले दोन नेटबुक डेबियनवर गेले. उरलेल्यांपैकी एकाची हार्ड डिस्क वाजते आहे, ती बदलल्याशिवाय त्यावर काहीच चढवत नाही.